संघाच्या आधी जागा: हॉकीचे एरिना शहरात कोठे असावे?

उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग, अर्थात एनएचएल. तिच्यात आज ३२ संघ आहेत, आणि नवा संघ मिळवण्याची किंमत झपाट्याने वाढत गेली आहे. २०१७ साली खेळू लागलेल्या लास व्हेगासच्या संघाने लीगला ५० कोटी डॉलर प्रवेशशुल्क दिले, तर २०२१ साली दाखल झालेल्या सिॲटलच्या संघाने ६५ कोटी डॉलर. एखाद्या शहरात संघ येणार अशी कुणकुण लागली की लोकांची चर्चा साहजिकच या आकड्यांभोवती, मालक कोण होणार याभोवती आणि संघाच्या नावाभोवती फिरू लागते. त्या शहरात राहणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी निर्णय मात्र वेगळाच असतो. सामने ज्या बंदिस्त क्रीडागृहात होणार, ते एरिना शहरात नेमके कोठे उभे राहणार, हा तो निर्णय. मालक बदलतात, खेळाडू बदलतात, संघ प्रसंगी शहर सोडूनही जातो; एकदा पाया भरला की एरिना मात्र तीस-चाळीस वर्षे तिथेच राहते, आणि त्याच्या भोवतीचे रस्ते, घरे, दुकाने व कर यांची घडी त्यानुसार बसते.

या प्रश्नाचा विचार करताना मला एक कसोटी सर्वांत भरवशाची वाटते, आणि ती सुरुवातीलाच सांगून ठेवतो: संघ आलाच नाही, किंवा येऊन दहा वर्षांनी निघून गेला, तरी ज्या जागेवर एरिना चालू शकेल, तीच जागा योग्य. ही कसोटी निराशावादी वाटण्याची शक्यता आहे. परंतु संघ कोणत्या शहराला द्यायचा हे लीगचे मालक ठरवतात, शहर ठरवत नाही; शहराच्या हाती खऱ्या अर्थाने असते ती फक्त जमीन.

प्रेक्षक येतो कसा आणि परततो कसा

एनएचएलच्या नियमित हंगामात अनेक वर्षे प्रत्येक संघ ८२ सामने खेळत आला आहे आणि त्यांतले ४१ घरच्या एरिनात होतात. हंगाम ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे बरेचसे सामने थंडीच्या दिवसांत, अंधार पडल्यावर आणि आठवड्याच्या मधल्या कामाच्या दिवशी असतात. सामना साधारणपणे संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे प्रेक्षकाला कामावरून सुटल्याबरोबर, रस्ते सर्वाधिक तुंबलेले असताना, एरिनाकडे निघावे लागते. अमेरिकन फुटबॉलचे मोठे स्टेडियम शहराबाहेर मोकळ्या जागेत चालून जाते, कारण तिथे वर्षाकाठी घरचे आठ-नऊ सामने असतात आणि तेही बहुतेक रविवारी. सुट्टीच्या दिवशी वर्षातून आठ वेळा लांबचा प्रवास करायला माणूस तयार असतो. मंगळवारी संध्याकाळी थंडीत तासभर गाडी चालवत जायचे, रात्री दहाला निघून परत तेवढेच अंतर कापायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर व्हायचे, हे हंगामभर चाळीस वेळा करायला फार थोडे लोक तयार होतात. एरिनाच्या जागेविषयीचे निम्मे शहाणपण या एका गोष्टीत आहे.

पार्किंगचा हिशेब मांडून पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. समजा, १८,००० प्रेक्षक येणार आहेत, सगळे मोटारीने येणार आहेत आणि एका मोटारीत सरासरी अडीच माणसे आहेत. म्हणजे ७,२०० मोटारी झाल्या. आत-बाहेर जाण्याच्या वाटेसह एका मोटारीला सुमारे ३०० ते ३५० चौरस फूट जागा लागते, म्हणजे एका एकरात सव्वाशे ते दीडशे मोटारी मावतात. या हिशेबाने केवळ पार्किंगसाठी पन्नास ते साठ एकर सपाट जमीन लागेल, तर एरिनाची स्वतःची इमारत सहसा दहा एकरांच्या आत बसते. शहराच्या मध्यभागी इतकी जमीन मिळत नाही, म्हणून विकासक बाहेर जातात. पण मध्यभागात ती लागतही नाही. कार्यालयांसाठी बांधलेल्या पार्किंगच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या होतात, काही प्रेक्षक आधीपासूनच कामानिमित्त तिथे असतात आणि बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना रेल्वे किंवा बसने येता येते. एकच जागा दिवसा एका कामाला आणि रात्री दुसऱ्या कामाला वापरली जाणे, हा शहराच्या मध्यभागाचा मोठा फायदा आहे आणि प्रस्तावाच्या रंगीत चित्रांत तो कधी दिसत नाही.

येण्यापेक्षा जाण्याचा प्रश्न अधिक कठीण असतो. प्रेक्षक तास-दीड तासाच्या अवधीत हळूहळू येतात; सामना संपल्यावर मात्र सगळेच्या सगळे अर्ध्या तासात बाहेर पडू पाहतात. भोवती रस्त्यांचे जाळे असेल तर ही गर्दी आठ-दहा दिशांना विखुरते. एरिना महामार्गाच्या एकाच चढ-उताराच्या फाट्यावर अवलंबून असेल, तर त्या फाट्याची क्षमता हीच त्या एरिनाची खरी क्षमता ठरते, मग आत आसने कितीही असोत.

रेल्वेच्या बाबतीतही बारकावे आहेत. बॉस्टनचे टीडी गार्डन नॉर्थ स्टेशनवर उभे आहे आणि न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन १९६८ पासून पेन स्टेशनच्या डोक्यावर आहे. प्रेक्षकासाठी याहून सोयीची जागा नाही. मात्र न्यूयॉर्कमध्ये एरिनाचे खांब थेट फलाटांमधून खाली उतरतात, त्यामुळे देशातील सर्वांत गजबजलेले रेल्वेस्थानक मोकळे आणि प्रशस्त करणे अवघड होऊन बसले आहे. २०२३ मध्ये तिथल्या नगरपरिषदेने एरिनाचा परवाना फक्त पाच वर्षांसाठी वाढवला, त्यामागे हाच पेच होता. स्थानकाच्या अगदी वर असण्यापेक्षा पाच-सात मिनिटांच्या चालण्याच्या अंतरावर असणे माझ्या मते दोघांच्याही हिताचे आहे: तेवढ्या अंतरात गर्दी विरळ होते आणि वाटेतल्या दुकानांनाही गिऱ्हाईक मिळते. सिॲटलमध्ये हॉकीच्या तिकिटातच सार्वजनिक वाहतुकीचा प्रवास समाविष्ट आहे आणि १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली मोनोरेल प्रेक्षकांना मध्यभागातून एरिनाजवळ आणून सोडते. जागा निवडतानाच वाहतुकीचा विचार केला, तर अशी व्यवस्था करता येते. जागा निवडल्यानंतर वाहतूक जुळवायला गेले, तर ती फार महाग पडते.

ग्लेंडेलची कथा

चुकीची जागा काय करू शकते हे समजण्यासाठी ॲरिझोनातील फीनिक्स शहराच्या संघाचा इतिहास सविस्तर पाहण्यासारखा आहे. १९९६ मध्ये कॅनडातील विनिपेगचा संघ तिथे आला आणि कायोटीज या नावाने खेळू लागला. त्याचे पहिले घर शहराच्या मध्यभागातील बास्केटबॉलचे एरिना होते. हॉकीचे मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते, तर बास्केटबॉलचे ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद. बास्केटबॉलसाठी आखलेल्या वास्तूत बर्फाचा आयत कसाबसा बसवला गेला आणि एका टोकाच्या बऱ्याच आसनांवरून गोल दिसेनासा झाला. संघाला स्वतःच्या घराची गरज होती, यात शंका नव्हती.

आधी विचार झाला तो शहराच्या पूर्वेकडील स्कॉट्सडेलमधल्या एका जुन्या मॉलच्या जागेचा. तिकीट घेऊ शकणारे आणि हॉकीची आवड असणारे बरेच प्रेक्षक याच पूर्व भागात राहत होते. ती योजना फिसकटली आणि पश्चिमेकडील ग्लेंडेल या उपनगराने भरघोस सार्वजनिक पैसा देऊ केल्यामुळे एरिना तिथे गेले. डिसेंबर २००३ मध्ये ते उघडले. इमारत म्हणून ते उत्तम होते, सगळ्या आसनांवरून खेळ नीट दिसत होता. मात्र पूर्वेकडच्या प्रेक्षकाला कामाच्या दिवशी संध्याकाळच्या वाहतुकीतून संपूर्ण महानगर ओलांडून जावे लागत होते. शिवाय मध्यभागातील जुने एरिना सुरूच असल्याने मैफली आणि इतर कार्यक्रमांसाठी दोन एरिनांमध्ये ओढाताण होती.

२००९ मध्ये संघाने दिवाळखोरीचा अर्ज केला. लीगने संघ स्वतःच विकत घेतला आणि २०१३ पर्यंत चालवला. या काळात संघ जाऊ नये म्हणून ग्लेंडेलने दोन हंगामांसाठी दरवर्षी अडीच कोटी डॉलर मोजले. अखेरीस ग्लेंडेलनेच भाडेकरार संपवला. २०२२ पासून संघ फीनिक्सजवळच्या टेम्पी येथील विद्यापीठाच्या जेमतेम ४,६०० आसनांच्या एरिनात खेळू लागला. टेम्पीमध्येच ४६ एकरांच्या जागेवर २१० कोटी डॉलरचा एरिना-वसाहत प्रकल्प मांडला गेला, पण १६ मे २०२३ रोजी मतदारांनी त्याचे तिन्ही प्रस्ताव फेटाळले. एप्रिल २०२४ मध्ये संघाचे खेळाडू आणि हॉकीची सगळी व्यवस्था सॉल्ट लेक सिटीला गेली.

या सगळ्याचे खापर केवळ जागेवर फोडणे अन्यायाचे होईल. मालक वारंवार बदलले आणि संघाची मैदानावरची कामगिरीही बहुतेक हंगामांत सुमार होती. पण हरणारा संघ जवळ असेल तर चाहता अधूनमधून का होईना जातो. हरणारा संघ लांब असेल तर जातच नाही. जागा चांगली असली तर वाईट वर्षे निभावून नेता येतात. ग्लेंडेलच्या जागेत हा निभाव लागण्याची सोय नव्हती.

कॅनडाच्या राजधानीत, ओटावामध्ये, याच प्रश्नाचे सौम्य रूप दिसते. तिथल्या सेनेटर्स संघाचे एरिना जानेवारी १९९६ मध्ये मध्यभागापासून सुमारे २५ किलोमीटर पश्चिमेला, कनाटा भागातील शेतजमिनीवर उघडले. शेतजमिनीचा वापर बदलण्यास परवानगी देताना प्रांताच्या नियोजन मंडळाने आसनसंख्या २२,५०० वरून १८,५०० वर आणण्याची अट घातली आणि महामार्गावरील फाट्याचा खर्चही संघावर टाकला. संघ २००३ मध्ये दिवाळखोरीत गेला, नवे मालक येऊन सावरला, आणि आता मध्यभागाला लागून असलेल्या लेब्रेटन फ्लॅट्स या जागेकडे त्याचे डोळे लागले आहेत, जिथे शहराची लाइट रेल जवळून जाते. २०१६ मध्ये निवडला गेलेला पहिला प्रस्ताव भागीदारांच्या वादात बुडाला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जमिनीबाबत केंद्र सरकारच्या राजधानी आयोगाशी नवा तत्त्वतः करार झाला. एकदा चुकलेली जागा दुरुस्त करायला पाव शतकाहून अधिक काळ लागतो, असा याचा अर्थ.

मग एरिना नेहमी शहराच्या मध्यभागीच असावे का? इथे थोडे सावध राहायला हवे. अटलांटाचे एरिना मध्यभागी होते, तरीही तिथला संघ २०११ मध्ये विनिपेगला गेला. मालकांमधील कोर्टकज्जे हे त्याचे एक मोठे कारण होते, पण हॉकीचा प्रेक्षकवर्ग मुख्यतः उत्तरेकडील उपनगरांत राहत होता, हेही खरे आहे. आता तिथे नव्या संघासाठी जे प्रस्ताव येत आहेत ते त्याच उत्तर भागातील आहेत. म्हणून मध्यभाग हे ठरावीक उत्तर मानू नये. हंगामाचे तिकीट घेऊ शकणारी कुटुंबे कोठे राहतात, ती कामाला कोठे जातात आणि संध्याकाळी साडेपाच वाजता ती प्रत्येक प्रस्तावित जागेपर्यंत किती वेळात पोहोचतील, याचा नकाशा आधी काढावा. कामाची ठिकाणे मध्यभागात एकवटलेली असतील तर उत्तर बहुधा मध्यभागाकडे झुकते, आणि ती विखुरलेली असतील तर मध्यभागाच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा होतो.

असलेली इमारत वापरावी की नवी बांधावी

पुष्कळ शहरांत बास्केटबॉलचे एरिना आधीच असते आणि त्यातच हॉकी बसवण्याचा मोह होतो. फीनिक्सचा अनुभव वर आलाच आहे. न्यूयॉर्क आयलँडर्स हा संघ २०१५ मध्ये ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये गेला. भोवती भुयारी रेल्वेचे अनेक मार्ग, बाजूला लाँग आयलंडची उपनगरी रेल्वे. नकाशावर ही जागा निर्दोष होती. इमारत मात्र बास्केटबॉलची होती. बर्फाचे मैदान एका बाजूला सरकवावे लागले, छताला टांगलेला धावफलक मैदानाच्या मध्यावर येईना आणि कित्येक आसनांवरून एक गोल दिसत नसे. संघ तिथे टिकला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने बेलमाँट पार्क येथील नव्या एरिनात बस्तान हलवले, आणि त्यासाठी रेल्वेचे एक नवे स्थानकही बांधण्यात आले. सॉल्ट लेक सिटीचे १९९१ सालचे एरिनाही बास्केटबॉलचेच आहे आणि हॉकीसाठी आतली रचना बदलण्याचे मोठे काम त्याला काढावे लागले. उत्तम जागा आणि अयोग्य इमारत यांची जोडी संघाला धरून ठेवू शकत नाही.

या पार्श्वभूमीवर सिॲटलने काढलेला मार्ग मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे दोन जागांची स्पर्धा होती. एक जागा शहराच्या दक्षिणेकडे, इतर दोन स्टेडियमांच्या शेजारी. तिला बंदराच्या व्यवस्थापनाचा विरोध होता, कारण बंदरात ये-जा करणाऱ्या मालमोटारींची वाट त्याच भागातून जाते. तिथला एक रस्ता खासगी विकासकाला देण्याचा ठराव मे २०१६ मध्ये नगरपरिषदेत ५ विरुद्ध ४ मतांनी पडला. दुसरी जागा म्हणजे १९६२ च्या प्रदर्शनाचे जुने एरिना. ते बास्केटबॉलसाठी नव्याने घडवलेले असल्याने हॉकीला अपुरे होते, आणि त्याचे छत वारसा म्हणून जपायचे होते. उपाय असा काढला गेला की सुमारे २०,००० टन वजनाचे छत तात्पुरत्या आधारांवर तोलून धरायचे, खालची सगळी इमारत काढून टाकायची, जमीन अधिक खोल खणायची आणि त्याच छताखाली नवे एरिना बांधायचे. सुमारे ११५ कोटी डॉलर खर्च आला, तो मुख्यतः खासगी होता, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये एरिना उघडले. हा मार्ग स्वस्त नव्हता. पण लोकांच्या पायाखालची, बस आणि मोनोरेलने आधीच जोडलेली जागा शहराने सोडली नाही.

जमिनीखाली आणि जमिनीवर

तांत्रिक बाजू थोडक्यात पाहू. एरिनाचे मैदान बहुधा रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवतात, म्हणजे प्रेक्षक रस्त्यावरून थेट आसनांच्या मधल्या टप्प्यावर येतो आणि इमारत फार उंच होत नाही. त्यासाठी खोल खणावे लागते आणि भूजलाची पातळी वर असेल तर खर्च वाढतो. बर्फाखालची माती गोठून फुगू नये म्हणून फरशीखाली उष्णता देणाऱ्या नळ्या टाकाव्या लागतात. मोठ्या मैफलींचे सामान अनेक मालमोटारींतून येते, म्हणून त्यांना वळायला आणि थांबायला जागा हवी. पूर्वी कचरा टाकलेली किंवा कारखान्याची जमीन असेल तर ती आधी स्वच्छ करावी लागते. विमानतळाजवळ इमारतीच्या उंचीवर आणि शेजारी घरे बांधण्यावर बंधने येतात. टेम्पीची जागा एकेकाळी कचराभूमी होती आणि विमानांच्या मार्गाखालीही होती, आणि तिथल्या घरांच्या योजनेला फीनिक्स शहराने विमानतळाच्या वतीने न्यायालयात आव्हान दिले होते.

जमिनीवर कोण राहते, हा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. पिट्सबर्गचे जुने सिव्हिक एरिना १९६१ मध्ये उघडले, तेव्हा त्यासाठी लोअर हिल ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती पाडण्यात आली आणि सुमारे ८,००० रहिवासी व शेकडो व्यवसाय विस्थापित झाले. ते एरिना पन्नास वर्षांनी पाडले गेले. शेजारी नवे उभे राहिले. उठवलेली वस्ती मात्र परत आली नाही. ओटावाच्या लेब्रेटन फ्लॅट्सवरही कामगारांची वस्ती होती. १९६२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेऊन पाडली आणि ती जमीन कित्येक दशके ओसाड राहिली. ‘रिकामी जागा’ असा उल्लेख प्रस्तावात वाचला, की ती रिकामी कशी झाली हे विचारणे मला नागरिक म्हणून कर्तव्य वाटते. आज ज्या वस्तीला लागून एरिना होणार आहे, तिच्या घरभाड्यांचे काय होईल, हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे.

पैसा जागेला कसा बांधला जातो

एरिनाच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद केला जातो: त्यामुळे भोवतालचा भाग भरभराटीला येईल आणि वाढलेल्या करांतून सार्वजनिक खर्च भरून निघेल. यासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचे सूत्र असे. ठरवलेल्या क्षेत्रातून आज जेवढा मालमत्ता कर मिळतो तो आधाररेषा मानायचा आणि पुढील वीस-तीस वर्षांत त्यावर जी वाढ होईल ती एरिनासाठी काढलेल्या कर्जाच्या फेडीला लावायची. एडमंटनने २०१६ मध्ये उघडलेल्या एरिनासाठी याच धर्तीची रचना वापरली आणि तिथे भोवती उंच इमारती खरोखरच उभ्या राहिल्या. पण यात एक गृहीत दडलेले आहे. ती वाढ एरिनामुळेच झाली, एरवी झालीच नसती, असे मानले तरच हा हिशेब फायद्याचा ठरतो. इमारती शहरात दुसरीकडे कोठे तरी झाल्याच असत्या, तर शहराने शाळा, रस्ते आणि पाणी यांसाठीचा स्वतःचा कर एरिनाकडे वळवला, एवढेच घडते. अर्थशास्त्रज्ञांच्या अनेक दशकांच्या अभ्यासांचा एकंदर कल असा आहे की क्रीडागृहांवरचा सार्वजनिक खर्च स्थानिक अर्थव्यवस्थेत भरून येत नाही, कारण सामन्यावर खर्च होणारा पैसा बहुतांशी त्याच महानगरातील इतर करमणुकीवरून वळलेला असतो.

म्हणूनच भोवतालच्या विकासाचे वचन आणि एरिना यांची कालमर्यादा एकाच करारात जोडलेली आहे का, हे पाहणे अत्यंत आवश्यक ठरते. डेट्रॉइटमध्ये २०१७ साली एरिना वेळेवर उघडले. त्याच्याबरोबर आश्वासन दिलेल्या वस्त्यांपैकी बराचसा भाग त्यानंतर कित्येक वर्षे मोटारींच्या पार्किंगच्या स्वरूपातच राहिला. एरिना बांधून झाल्यावर शहराच्या हाती दबाव आणण्याचे साधन उरत नाही.

आता सुरुवातीच्या कसोटीकडे वळू, कारण तिला इतिहासाचा चांगला आधार आहे. कॅनडातील हॅमिल्टन शहराने १९८५ मध्ये एनएचएलच्या आशेवर एरिना बांधले. पण टोरांटो आणि बफेलो ही एनएचएलचे संघ असलेली दोन शहरे जवळच आहेत आणि लीगच्या नियमांनुसार प्रत्येक संघाचा सभोवतालच्या ५० मैलांवर प्रादेशिक हक्क असतो. संघ कधीच आला नाही. क्वेबेक सिटीचा संघ १९९५ मध्ये कोलोरॅडोला गेला होता. तो परत मिळावा म्हणून प्रांताने आणि शहराने मिळून सुमारे ३७ कोटी कॅनेडियन डॉलरचे, १८,००० हून अधिक आसनांचे एरिना बांधले, ते सप्टेंबर २०१५ मध्ये उघडले, आणि आजही तिथे एनएचएलचा संघ नाही. कॅन्सस सिटीलाही २००७ मध्ये एरिना उघडूनही हॉकीचा किंवा बास्केटबॉलचा मोठा संघ मिळाला नाही. मात्र ते मध्यभागी असल्याने मैफली, महाविद्यालयीन सामने आणि इतर कार्यक्रमांवर उत्तम चालले. तिथे तोट्यात राहिला तो शेजारचा करमणुकीचा परिसर: त्याच्या कर्जफेडीसाठी अपेक्षित कर जमले नाहीत आणि शहराला दरवर्षी आपल्या सर्वसाधारण निधीतून भर घालावी लागली.

विनिपेगने या सगळ्यांपेक्षा वेगळे धोरण ठेवले. संघ १९९६ मध्ये फीनिक्सला गेल्यानंतर या शहराने मध्यभागातील बंद पडलेल्या एका जुन्या मोठ्या दुकानाच्या जागेवर २००४ मध्ये एरिना बांधले. आसने सुमारे १५,०००, म्हणजे एनएचएलच्या मानाने कमी. जागा अशी की कडाक्याच्या थंडीत इमारतींना जोडणाऱ्या बंदिस्त पादचारी मार्गांनी तिथे पोहोचता येते. सात वर्षे तिथे खालच्या दर्जाच्या लीगची हॉकी आणि मैफली झाल्या आणि एरिना चालत राहिले. २०११ मध्ये अटलांटाचा संघ विक्रीला निघाला, तेव्हा योग्य जागी, चालू स्थितीतील एरिना विनिपेगकडे तयार होते. लास व्हेगासचे एरिनाही एप्रिल २०१६ मध्ये उघडले आणि संघ त्यानंतर दोन महिन्यांनी मंजूर झाला. पण पर्यटकांची वर्दळ असलेल्या त्या जागेवर मैफली आणि मुष्टियुद्धाच्या लढती एवढ्या होतात की संघ मिळाला नसता तरी ते रिकामे पडले नसते.

मतपेटी आणि जागा

बऱ्याच शहरांत अखेरचा शब्द मतदारांचा असतो, आणि मतदारांचा नकार म्हणजे सगळे संपले, असे प्रचारात सांगितले जाते. टेम्पीच्या बाबतीत तसे घडले. ओहायोतील कोलंबसमध्ये मात्र निराळे घडले. मे १९९७ मध्ये तिथल्या मतदारांनी एरिनासाठी विक्रीकर वाढवण्यास नकार दिला. तरीही पुढच्याच महिन्यात शहराला संघ मंजूर झाला, कारण नेशनवाइड या स्थानिक विमा कंपनीने एरिना खासगी पैशातून बांधण्याची तयारी दाखवली होती. निवडलेली जागा मध्यभागाच्या कडेला, बंद पडलेल्या राज्य तुरुंगाच्या परिसरात होती, कंपनीच्या मुख्यालयाजवळ. तिथे घरे, कार्यालये आणि उपाहारगृहे बांधण्यात कंपनीचा स्वतःचाही फायदा होता. २००० मध्ये एरिना उघडले आणि भोवतालचा भाग हळूहळू खरोखरच भरत गेला. जागा मुळात मोलाची असेल तर तिच्यासाठी खासगी पैसा पुढे येतो, हे यातून दिसते. अर्थात तिथेही हिशेब तेवढ्यावर थांबला नाही: संघाचा तोटा वाढत गेला आणि २०१२ मध्ये एका सार्वजनिक संस्थेने कॅसिनोंच्या करातून येणाऱ्या पैशाच्या आधारे ते एरिना विकत घेतले. मतदारांनी ज्या खर्चाला पंधरा वर्षांपूर्वी नकार दिला होता, त्याचा मोठा भाग अशा रीतीने सार्वजनिक तिजोरीवर आलाच, आणि या वेळी त्यावर मतदान झाले नाही.